नदीतला मासा कुणाचा?

केनार्थचा धबधबा उंच नाही. टेवी नदी इथे खडकांच्या चार-दोन पायऱ्या उतरते, फेसाळते, खालच्या डोहात थोडी घुटमळते आणि जुन्या दगडी पुलाखालून पुढे जाते. पण या बुटक्या खडकाच्या आधारानं एक अख्खं गाव वसलं. समुद्रातून परतणारा सॅमन मासा या पायरीशी थबकतो, म्हणून इथे मासेमार आले. पाणी जोरानं खाली येतं, म्हणून पिठाची गिरणी बसली. गिरणीकडे आणि डोहाकडे येणाऱ्या वाटा पुलाशी एकत्र आल्या. पश्चिम वेल्समधलं हे गाव आजही एका नजरेत मावतं. धबधबा, पूल, गिरणी, चर्च, खानावळ आणि थोडी घरं. माशांवरून इथे आणि खालच्या गावांत जे वाद झाले ते मात्र लहान नव्हते. नदीतला मासा कुणाचा आणि तो धरायचा हक्क कुणाचा, यावर या काठानं दंगा पाहिला, कायदे पाहिले, आणि एक जुनं कसब हातचं जाताना पाहिलं.

टेवी साधारण १२० किलोमीटर लांब आहे. मध्य वेल्सच्या डोंगरातल्या लहान तळ्यांमधून ती निघते, स्ट्राटा फ्लोरिडा या बाराव्या शतकातल्या मठाच्या अवशेषांजवळून वाहते, ट्रेगॅरनजवळची मोठी पाणथळ दलदल ओलांडते आणि कुरणांतून वळणं घेत न्यूकॅसल एम्लिनला पोहोचते. तिथून पाच-एक किलोमीटरवर केनार्थ. पुढे लेख्रिड, मग किलगेरनची खोल घळ, तिच्या कड्यावरचा किल्ला, आणि शेवटी कार्डिगनला समुद्र. या खालच्या टप्प्यात नदी एका बाजूला केरेडिगियन आणि दुसऱ्या बाजूला आधी कार्मार्थनशायर, मग पेम्ब्रुकशायर अशी हद्द आखत जाते. भरतीचं पाणी लेख्रिडच्या आसपासपर्यंत चढतं, केनार्थपर्यंत येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळा कायदा याच रेषेवर उभा राहिला.

सॅमनचा थांबा

अटलांटिक सॅमनचा जन्म नदीच्या वरच्या भागात, थंड आणि स्वच्छ पाण्याखालच्या खडीत होतो. पिल्लं एक ते तीन वर्षं नदीत काढतात, मग अंगावर चंदेरी झळाळी चढते आणि ती समुद्राकडे निघतात. काही थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यापर्यंत जातात. तिथे खाऊन-पिऊन मोठे झालेले मासे आपल्याच नदीकडे परततात, आणि जवळ आल्यावर जन्माच्या पाण्याचा वास त्यांना वाट दाखवतो. गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन खाणं जवळजवळ सोडतो आणि अंगात साठवलेल्या चरबीवर सगळा चढ चढतो. हिवाळ्याच्या तोंडाला मादी खडीत खळगे करून अंडी घालते. त्यानंतर बहुतेक मासे मरतात, थोडे पुन्हा समुद्र गाठतात.

अशा प्रवासात धबधबा ही कसोटी असते. उडी मारायला पायथ्याचं पाणी खोल हवं, आणि ते पुरेसं असलं तर मोठा सॅमन तीन मीटरांच्या आसपासची झेप घेऊ शकतो. पाणी कमी असेल तर मासे खालच्या डोहात पावसाची वाट बघत थांबतात. केनार्थचा डोह म्हणजे असा थांबा. याच नदीत येणाऱ्या समुद्री ट्राउटला इथले लोक स्यूविन म्हणतात. त्याची चव सॅमनपेक्षा सरस, असं काठावरची माणसं अभिमानानं सांगतात.

११८८ मध्ये जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मोपदेशक या भागातून गेला. कँटरबरीचे आर्चबिशप बॉल्डविन तिसऱ्या धर्मयुद्धासाठी माणसं जमवत वेल्सभर फिरत होते आणि जेराल्ड त्यांच्या सोबत होता. त्याचा जन्म पेम्ब्रुकशायरमधलाच. नॉर्मन आणि वेल्श अशी दोन्ही रक्तं अंगात असल्यामुळे परका आणि घरचा अशा दोन्ही नजरांनी तो बघत असे. त्यानं केनार्थची नोंद केली. संत लाउधोग यांचं चर्च, गिरणी, पूल, सॅमनच्या उड्यांची जागा आणि एक फळबाग, हे सगळं जमिनीच्या एका लहानशा तुकड्यावर असल्याचं त्यानं लिहून ठेवलं. धबधब्याची उंची त्यानं लांबलचक भाल्याएवढी सांगितली. मासा शेपूट तोंडाशी आणून धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, असंही त्यानं लिहिलं. उंचीत थोडी अतिशयोक्ती दिसते, पण गावाचा नकाशा आठशे वर्षांत फारसा बदललेला नाही. फळबाग सोडली तर त्याच्या यादीतल्या गोष्टी आजही केनार्थमध्ये एकमेकींच्या शेजारी आहेत.

जेराल्डनं आणखी एक नोंद केली. बीव्हर हा झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी वेल्समध्ये त्या काळी फक्त टेवीवर उरला होता. कातडीसाठी आणि औषधी गंधासाठी त्याची शिकार होत राहिली आणि पुढच्या काही शतकांत तो ब्रिटनमधून संपला. नदीतला एक रहिवासी पूर्ण नाहीसा होऊ शकतो, हा धडा टेवीनं लवकर शिकवला होता.

पाठीवरची होडी

केनार्थचं नाव ज्या वस्तूशी जोडलं गेलं ती म्हणजे कोरॅकल, एका माणसाची, टोपलीसारखी विणलेली होडी. अशा होड्या ब्रिटनमध्ये फार जुन्या आहेत. इ. स. पूर्व ४९ मध्ये स्पेनमधल्या मोहिमेत नदी ओलांडण्यासाठी ज्युलियस सीझरनं सैनिकांकडून वेताच्या आणि कातड्याच्या होड्या करवून घेतल्या आणि ही युक्ती आपण ब्रिटनमध्ये शिकलो, असं नमूद केलं. जेराल्डनंही या होड्यांचं वर्णन केलं आहे. काटक्यांची, कातडं मढवलेली, टोक नसलेली आणि खांद्यावरून वाहून नेण्याजोगी होडी. आत घेतलेल्या सॅमननं शेपटीचा जोराचा तडाखा दिला तर होडी उलटू शकते, हेही त्यानं नोंदवलं आहे.

प्रत्येक नदीची कोरॅकल वेगळी, कारण प्रत्येक नदीचं पाणी वेगळं. टेवीच्या कोरॅकलची पुढची बाजू सपाट, मागची गोलसर आणि मध्ये बसायच्या फळीपाशी कंबर आत घेतलेली असते. सांगाडा विलोच्या कामट्यांचा. विलो म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद. फांद्या थंडीत, रस उतरलेला असताना तोडायच्या, उभ्या चिरायच्या, तासून पातळ करायच्या. मग सपाट जमिनीवर उभ्या-आडव्या मांडून एकमेकींत गुंफायच्या, वर दगडांचं वजन ठेवायचं आणि टोकं वर वाकवायची. काठाला हेझल या झुडपाच्या लवचीक काठ्यांची वीण घालायची. पूर्वी यावर गुराचं कातडं चढत असे, पुढे कापड आलं आणि त्याला डांबर-राळेचा लेप. तयार होडीचं वजन पंधरा किलोच्या आसपास. बसण्याच्या फळीला पट्टा बांधलेला असतो. तो छातीवरून घेतला की होडी पाठीवर बसते आणि लांबून पाहणाऱ्याला चालणारं कासव दिसतं. माणसाचं ओझं म्हणजे त्याची कोरॅकल, अशा अर्थाची एक वेल्श म्हणच आहे.

ही होडी वल्हवणं सोपं नाही. तिला कणा नाही, त्यामुळे बाजूनं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगर फिरते. वल्हं समोरच्या बाजूला पाण्यात घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं आणि होडीला पुढे ओढत न्यायचं. मासेमारीत हे एका हातानं करावं लागतं, कारण दुसऱ्या हातात जाळं असतं. दोन कोरॅकल प्रवाहाबरोबर शेजारी शेजारी खाली सरकतात. दोघांच्या मध्ये जाळं पसरलेलं असतं. त्याच्या खालच्या दोरीला शिसं लावलेलं असतं, म्हणून ते तळाशी घासत येतं. मासा जाळ्याला धडकला की हातातल्या दोरीला हिसका बसतो. लगेच दोन्ही होड्या जवळ आणायच्या, जाळं आवळायचं आणि मासा आत घ्यायचा. जाळं माशाच्या नजरेला पडू नये म्हणून हे काम बहुधा रात्री चालत असे. डोह संपला की होडी पाठीवर टाकायची, काठानं वर चालत जायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं.

अंधारात नदीतला प्रत्येक दगड ठाऊक असल्याशिवाय हे जमत नाही. पाळी कुणाची, कोणत्या डोहात आधी कोण, याचे ठरलेले रिवाज होते. किलगेरनला त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या जात. नदी सगळ्यांची असली तरी एकाच वेळी सगळ्यांची असू शकत नाही, हे या माणसांनी समजून घेतलं होतं आणि त्यावर आपसांत तोडगाही काढला होता.

कोरॅकलचा उपयोग माशांपुरताच नव्हता. लोकर कातरण्याआधी मेंढ्या धुवायच्या असत, कारण स्वच्छ लोकरीला भाव जास्त. केनार्थच्या डोहात मेंढ्या सोडल्या जात आणि कोरॅकलमधली माणसं त्यांना वळवून काठाला आणत. विसाव्या शतकातल्या छायाचित्रांत हे दृश्य जपलेलं आहे.

कोरॅकलचा जगभराचा अभ्यास करणारे जेम्स हॉर्नेल हे मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे संचालक होते. दक्षिण भारतातल्या नद्यांवरच्या गोल होड्या त्यांनी जवळून पाहिल्या आणि निवृत्तीनंतर ब्रिटन-आयर्लंडच्या कोरॅकलवर सविस्तर लिहिलं. हंपीला तुंगभद्रेत ज्यांनी बांबूच्या गोल होडीतून फेरी मारली आहे, त्यांना टेवीच्या होडीची जातकुळी लगेच ओळखू येईल. केनार्थच्या जुन्या गिरणीच्या आवारात उभारलेल्या राष्ट्रीय कोरॅकल केंद्राच्या संग्रहात वेल्सच्या होड्यांबरोबर भारत, व्हिएतनाम आणि इराकच्या होड्याही आल्या.

लेख्रिडचा बंधारा

१७८७ मध्ये केनार्थचा आजचा पूल झाला. कमानींच्या खांद्यांमध्ये मोठी गोल भोकं ठेवली आहेत. ही युक्ती वेल्समधले पूल बांधणारे विल्यम एडवर्ड्स यांची. पाँटिप्रिडला त्यांची एक कमान बाजूच्या दगडी वजनानं कोसळली होती. १७५६ मध्ये त्यांनी खांद्यांना भोकं ठेवून नवी कमान उभी केली आणि ती टिकली. भोकांमुळे दगडाचं वजन कमी होतं आणि पुराच्या पाण्यालाही वाट मिळते.

पुलांनी माणसांना जोडलं, पण रस्त्यांवर टोलनाके आले. १८३० च्या दशकाअखेर नैऋत्य वेल्समधला लहान शेतकरी पिचला होता. पिकं बुडालेली, भाडी आणि चर्चचा कर चढलेला, आणि शेतात घालायचा चुना गाडीनं आणायचा तर ठिकठिकाणी टोल. १८३९ मध्ये पहिला टोलनाका फोडला गेला. पुरुष बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून रात्री येत आणि नाके उद्ध्वस्त करत. त्यांच्या म्होरक्याला ‘रिबेका’ म्हणत. बायबलमध्ये रिबेकाच्या वंशजांना शत्रूंच्या वेशी ताब्यात घेण्याचा आशीर्वाद आहे, त्यावरून हे नाव आलं. १८४२-४३ मध्ये हे लोण कार्मार्थनशायर आणि आसपास सगळीकडे पसरलं.

टेवीच्या काठी रिबेकानं टोलनाक्यांपलीकडे हात घातला. लेख्रिडजवळ एका मोठ्या इस्टेटीनं नदीवर बंधारा घातला होता. तिथे सॅमन अडत, इस्टेटीच्या हाती लागत आणि वरच्या गावांच्या डोहांत पोहोचत नसत. १८४३ मध्ये दंगेखोरांनी या बंधाऱ्यावर चाल केली. टोलनाका माणसाची वाट अडवतो आणि बंधारा माशाची, पण दोन्हींत गरिबाच्या तोंडचा घास जातो, हे त्या शेतकऱ्यांना आणि मासेमारांना सांगावं लागलं नाही. सरकारनं सैन्य आणलं, काहींना काळ्या पाण्याच्या शिक्षा झाल्या. पण चौकशी आयोगही नेमला गेला, आणि १८४४ च्या कायद्यानं दक्षिण वेल्समधली टोलव्यवस्था बदलली, दर उतरले. रस्त्याचा प्रश्न सुटला, नदीचा राहिला.

परवान्यांचा काळ

इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात नदीतला जिवंत मासा कुणाच्याच मालकीचा नाही. तो पकडला की मालकी ठरते. पण पकडण्याचा हक्क मात्र पाण्यावर अवलंबून आहे. जिथवर भरती पोहोचते तिथवर सर्वसाधारणपणे लोकांना मासेमारीचा हक्क. त्याच्या वर तो काठच्या जमीनमालकाचा. केनार्थ भरतीच्या रेषेच्या वर. म्हणजे तिथल्या कोरॅकलवाल्यांमागे पिढ्यांचा रिवाज होता, कागद नव्हता.

एकोणिसाव्या शतकात गळ टाकून सॅमन धरणं हा श्रीमंतांचा खेळ झाला आणि नदीकाठच्या हक्कांना मोठी किंमत आली. १८६० च्या सुमारास सॅमनच्या घटीची सरकारी चौकशी झाली. त्या वेळी टेवीवर तीनशेहून अधिक कोरॅकल असल्याचा अंदाज होता. १८६१ आणि १८६५ च्या कायद्यांनी बंदीचे महिने, परवाने आणि नदीची मंडळं आणली. १९३० च्या दशकात भरतीच्या वरच्या पट्ट्यात कोरॅकलच्या जाळ्यांना नवे परवाने देणं बंद झालं. ज्यांच्याकडे परवाना होता त्यांनी तो हयातभर वापरावा, मुलाच्या नावे करता येणार नाही. एका पिढीत केनार्थची जाळी कायमची वाळत पडली. भरतीच्या पट्ट्यात, किलगेरन आणि कार्डिगनकडे, मोजके परवाने उरले.

मासे कमी होत असतील तर जाळी कमी करावीत, हा विचार चुकीचा नव्हता. नदी ओरबाडण्याचा हक्क कुणालाच नको. पण कायद्यानं जाळं धरणारा हात मोजला आणि बाकीचे हात मोजायचे राहिले. शिवाय काठावर गळ घेऊन उभा राहणारा पैसेवाला हौशी म्हणून मान्य झाला आणि त्याच माशावर घर चालवणारा अडचणीचा ठरला. बापानं मुलाला अंधारातल्या डोहाची वाट दाखवायची, ही शाळाच बंद पडली.

काठावरची कापडं आणि पुस्तकं

या परिसराला मासेमारीइतकाच पाण्याचा दुसरा आधार होता, लोकरीच्या गिरण्यांचा. केनार्थपासून थोड्याच अंतरावर द्रेवाख वेलिंद्रे या गावाभोवती टेवीला मिळणाऱ्या ओढ्यांवर गिरण्या दाटीनं उभ्या राहिल्या. त्यांचं फ्लॅनेल दक्षिणेकडच्या कोळसा खाणींत जाई. घाम शोषणारा उबदार सदरा खाणकामगाराला लागायचाच. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या मागणीनं माग रात्रंदिवस चालले. युद्ध संपल्यावर मागणी कोसळली आणि गिरण्या एकेक करून बंद झाल्या. त्यांतल्याच एका गिरणीत आज वेल्सचं राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे आणि तिथे अजूनही माग चालतात.

न्यूकॅसल एम्लिनच्या पुलापलीकडे अडपार ही लहान वस्ती आहे. तिथे १७१८ मध्ये आयझॅक कार्टर यांनी छापखाना घातला. वेल्समधला हा पहिला कायमचा छापखाना. पहिलं छापील काम वेल्श भाषेतलं एक पोवाडेवजा गाणं होतं, तंबाखूच्या व्यसनाला बोल लावणारं. तोवर वेल्श पुस्तकं मुख्यतः इंग्लंडमधून छापून येत. या खोऱ्यात आजही वेल्श ही घरातली आणि बाजारातली भाषा आहे. कार्डिगनच्या किल्ल्यात या भागाचे राज्यकर्ते लॉर्ड रीस यांनी ११७६ मध्ये कवी आणि वादकांची स्पर्धा भरवली होती. वेल्सच्या आइस्टेथवॉड महोत्सवाची परंपरा तिथपर्यंत नेली जाते. ज्या कसबांना शाळा, छापखाना आणि मेळावा मिळाला ती टिकली. कोरॅकलला यातलं काही वेळेवर मिळालं नाही. किलगेरनला विसाव्या शतकाच्या मध्यापासून भरू लागलेल्या कोरॅकलच्या शर्यतींनी मात्र होडी बांधण्याचं आणि वल्हवण्याचं कसब थोडंफार धरून ठेवलं.

आजची टेवी

केनार्थच्या डोहातली जाळी थांबून बरीच दशकं झाली, तरी सॅमन वाढला नाही. उलट इतका घटला की १ जानेवारी २०२० पासून वेल्समध्ये पकडलेला प्रत्येक सॅमन जिवंत पाण्यात सोडणं सक्तीचं झालं. गळ टाकणाऱ्यालाही आणि कोरॅकलवाल्यालाही.

कारणं बरीचशी डोळ्यांआड आहेत. समुद्र तापतो आहे, आणि दूर गेलेल्या माशांपैकी पूर्वीपेक्षा कमी परततात. नदीत सांडपाणी येतं. गोठ्यातलं शेणमूत आणि खतं पावसाबरोबर वाहून येतात, त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजतं आणि ज्या खडीत अंडी श्वास घेतात ती गाळानं बुजते. २०२१ मध्ये वेल्सच्या संरक्षित नद्यांची तपासणी झाली, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत फॉस्फरस ठरवलेल्या मर्यादेपलीकडे होता. टेवीच्या वरच्या भागात, ट्रेगॅरनजवळ, डिसेंबर २०१६ मध्ये कुजलेल्या शेणखताचा लोंढा नदीत शिरला आणि हजारो मासे मेले. एका रात्रीत इतकी हानी करणं जुन्या मासेमारांना तीनशे कोरॅकल घेऊनही जमलं नसतं.

टेवी ही युरोपीय दर्जाची संरक्षित नदी आहे. सॅमन, लॅम्प्रे मासा आणि पाणमांजर अशा जिवांसाठी तिला हा मान मिळाला. किलगेरनजवळच्या दलदलीत पाणमांजर आजही दिसतं, आणि कार्डिगनकडे थोडेसे कोरॅकलवाले स्यूविनच्या हंगामात पाण्यात उतरतात. आता शेतकरी, पाणीपुरवठा कंपन्या आणि स्थानिक परिषदा एकत्र बसून किती खत आणि किती सांडपाणी नदीला झेपेल याचा हिशेब मांडू लागले आहेत. हा हिशेब शंभर वर्षं आधी मांडायला हवा होता.

मासा कुणाचा, या प्रश्नाचं रिबेकाचं उत्तर होतं, काठावरच्या सगळ्यांचा. जमीनमालकाचं उत्तर होतं, माझ्या काठाचा माझा. कायद्यानं सांगितलं, पकडेपर्यंत कुणाचाच नाही. तिन्ही उत्तरं मासा पाण्याबाहेर काढण्याच्या क्षणाबद्दल आहेत. पण सॅमन आपलं जवळजवळ सगळं आयुष्य त्या क्षणाआधी जगतो, आणि तेवढा काळ तो पाणी बिघडवणाऱ्या आणि पाणी राखणाऱ्या प्रत्येकाच्या हवाली असतो. म्हणून नदीवर हक्क सांगणाऱ्याला, मग तो इस्टेटीचा मालक असो, गळवाला असो, शेतकरी असो की कारखाना, आधी विचारायला हवं की तू नदीत काय सोडतोस. केनार्थच्या कोरॅकलवाल्यांजवळ याचं चोख उत्तर होतं. त्यांच्यामुळे पाण्यात काही वाईट जात नव्हतं, आणि नदी बिघडली तर पहिली झळ त्यांनाच बसणार होती. हक्क ठरवताना अशा माणसांना बाजूला सारलं, ही टेवीच्या कायद्यांची मोठी चूक झाली. जिथे अजून नदीवर पोट असलेली माणसं आहेत, तिथे ती पुन्हा करू नये.